सायकलच्या दुकानातील पहिली मुलाखत: तयारीच्या नोंदी

१ एप्रिल २०२६, बुधवार

माझ्या भाचीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली. अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंतचा काळ मोकळा आहे आणि तो घराजवळच्या एका सायकलच्या दुकानात काम करून घालवायचा, असे तिने स्वतःच ठरवले आहे. कोथरूडमधल्या या दुकानात पुढे नव्या सायकली विकल्या जातात आणि मागच्या शेडमध्ये दुरुस्ती चालते. ब्रेकचे रबर घ्यायला गेली असताना तिने मिस्त्रींना विचारले की सुटीत मदतीला कोणी हवे आहे का. मिस्त्रींनी मालकांकडे बोट दाखवले आणि मालकांनी सोळा तारखेला सकाळी अकरा वाजता बोलायला बोलावले. तिच्या आयुष्यातील ही पहिलीच मुलाखत आहे.

कोणतेही नवे काम हाती घेतले की तारीखवार नोंदी ठेवण्याची पद्धत आमच्या भोसरीच्या कारखान्यात आहे. तीच येथे पाळतो. तिच्या तोंडी पाठ केलेली उत्तरे घालायची नाहीत, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो. दुकानदार दिवसभर माणसे आणि सायकली पाहत असतो. पाठ केलेले वाक्य त्याला लगेच कळते. समोर ठेवलेल्या सायकलकडे नीट पाहणे, जे दिसले ते सांगणे आणि जे येत नाही ते येत नाही असे न अडखळता म्हणणे, एवढे तिला जमले पाहिजे. पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

३ एप्रिल, शुक्रवार

आज कायद्याची बाजू तपासली, कारण घरात सर्वांत आधी हाच प्रश्न निघाला. तिला फेब्रुवारीत सोळा वर्षे पूर्ण झाली आहेत. बाल व किशोरवयीन कामगारांविषयीचा कायदा १९८६ चा असून त्यात २०१६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलांना, घरच्या व्यवसायातील मदतीसारखे मोजके अपवाद सोडता, कामावर ठेवता येत नाही. चौदा ते अठरा या वयोगटाला खाणी, ज्वालाग्राही पदार्थ, स्फोटके आणि धोकादायक प्रक्रिया यांत काम करण्यास मनाई आहे. सायकलच्या दुकानातील विक्री आणि साधी दुरुस्ती ही कामे या मनाईत बसत नाहीत. तरीही वेल्डिंग करण्याची आणि पेट्रोलने सुटे भाग धुण्याची कामे तिला देऊ नयेत, असे आम्ही मालकांना आधीच सांगणार आहोत.

खरी अडचण वेळेची आहे. सलग तीन तासांहून अधिक काम करायचे नाही, त्यानंतर किमान एक तासाची विश्रांती हवी, विश्रांती धरून दिवसाचा सगळा पसारा सहा तासांच्या आत बसला पाहिजे आणि संध्याकाळी सातनंतर सकाळी आठपर्यंत काम करता येत नाही. जादा वेळेचे काम चालत नाही आणि आठवड्याची एक सुटी द्यावीच लागते. हे दुकान सकाळी दहा ते दीड आणि दुपारी चार ते नऊ असे उघडे असते. सकाळी दहाला जाऊन पुन्हा संध्याकाळी गेली, तर सहा तासांचा नियम मोडतो. म्हणजे एका दिवसात सकाळ किंवा संध्याकाळ यांपैकी एकच धरावी लागेल. गर्दी साहजिकच ऑफिसे सुटल्यानंतर, सातच्या पुढे होते, आणि नेमक्या त्याच वेळी तिला निघावे लागणार. ही गोष्ट मालकांनी विचारण्याची वाट न पाहता तिने स्वतः सांगावी, असे माझे मत आहे. काम मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी सांगितली, तर मालकांना ते फसवल्यासारखे वाटेल.

कागदांत जन्मदाखला आणि आधार कार्डाची प्रत लागेल, कारण अठरा वर्षांखालील कामगाराचे नाव, जन्मतारीख, कामाचे तास आणि विश्रांतीच्या वेळा यांची नोंदवही दुकानदाराने ठेवायची असते. आईवडिलांचे संमतिपत्र कोणी मागितलेले नाही, पण ते सोबत असावे.

५ एप्रिल, रविवार

दुकानासमोरच्या रसवंतीगृहात बराच वेळ बसून आम्ही फक्त गिऱ्हाईक पाहिले. कोण येते, काय मागते आणि त्याच्याशी कोण बोलते, हे तिने वहीत लिहिले. सुटी लागल्यामुळे मुलांना घेऊन आलेले आईवडील सर्वांत जास्त होते. त्यानंतर पंक्चर आणि हवा. पेपर टाकणाऱ्यांच्या आणि दूधवाल्यांच्या काळ्या, जड सायकली थेट मागच्या शेडमध्ये गेल्या; तिथे गिऱ्हाईक आणि मिस्त्री यांच्यात दोन-तीन शब्दांपलीकडे बोलणे होत नव्हते आणि त्याची गरजही दिसली नाही. गिअरच्या सायकली घेऊन आलेली तरुण मंडळी मात्र बराच वेळ थांबून प्रश्न विचारत होती.

तिच्या वहीतील एक निरीक्षण मला महत्त्वाचे वाटले. लहान मुलांच्या सायकलीसाठी आलेल्या पालकांशी मालक बोलत असताना ते मूल दुकानभर फिरत होते आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. सायकल ज्याला चालवायची आहे त्याला कोणी विचारत नाही, असे तिने लिहिले आहे. दुकानात तिचा उपयोग कुठे होईल, याचे उत्तर यातच आहे. मुलाखतीत ती हेच तिच्या शब्दांत सांगू शकेल. फक्त मालकांना उणे दाखवल्यासारखे वाटू नये, म्हणून वाक्याची सुरुवात ‘तुम्ही पालकांशी बोलत असता तेव्हा मी मुलाला सायकलवर बसवून बघीन’ अशी करायची.

८ एप्रिल, बुधवार

पंक्चर. हे तिला येते, पण घरी सावकाश करणे वेगळे आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभे असताना करणे वेगळे. म्हणून आज तिने काम करताना प्रत्येक पायरी मला समजावून सांगायची, असा नियम केला. टायर एका बाजूने उतरवला, ट्यूब काढली, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात फिरवली, बुडबुडे येतील तिथे खूण केली. मग ट्यूब कोरडी करून पॉलिश पेपरने घासली आणि सोल्यूशनचा पातळ थर दिला.

पुढची पायरी बहुतेक जण घाईत बिघडवतात. सोल्यूशन ओले असतानाच पॅच लावला, तर तो आज धरतो आणि दोन दिवसांनी सुटतो. बोट लावल्यावर ओलसर लागेनासे होईपर्यंत थांबावे लागते आणि तो वेळ रिकामा वाटतो. या वेळात टायरच्या आतून काळजीपूर्वक बोट फिरवायचे, कारण बाभळीचा काटा किंवा काचेचा तुकडा अजून तिथेच रुतलेला असू शकतो. तो राहिला, तर नवी ट्यूब घातली तरी ती पुन्हा पंक्चर होणारच. रिमवरची पट्टी सरकली आहे का आणि एखाद्या स्पोकचे टोक वर आले आहे का, हेही याच वेळात पाहायचे. काट्याचे भोक ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला असते. आतल्या बाजूला, म्हणजे रिमकडे भोक सापडले, तर दोष टायरमध्ये न शोधता रिममध्ये शोधावा. हा विचार तिने आधी केला नव्हता आणि कळल्यावर तिला फार आवडला. नंतर जुन्या पॅच लावलेल्या ट्यूबा काढून कुठले भोक कशाने पडले असेल, याचा अंदाज ती संध्याकाळभर करत बसली.

टायर परत चढवताना शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी आणून हातानेच बसवायचा; पान्याने ओढला तर ट्यूब चिमटते आणि नवे पंक्चर आपणच करून ठेवतो.

१० एप्रिल, शुक्रवार

नव्या सायकली दुकानात खोक्यांतून अर्धवट जोडलेल्या येतात. पुढचे चाक, हँडल, सीट आणि पायडल दुकानात बसवावे लागतात, शिवाय ब्रेकही जुळवावे लागतात. सुटीच्या दिवसांत मिस्त्रींचा सगळा वेळ यातच जात असणार, तेव्हा मदतनिसाकडून पहिली अपेक्षा याच कामाची असेल. माझ्या जुन्या सायकलचे हे सगळे भाग काढून तिने पुन्हा जोडले.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे तिला माहीत होते. का असतात, हे माहीत नव्हते. पाय मारताना पायडलच्या आसावर येणाऱ्या दाबाची जागा सतत फिरत राहते आणि त्या फिरण्यामुळे आटे हळूहळू सुटू शकतात. डावीकडचे आटे उलटे ठेवले, की तीच हालचाल पायडल सैल होऊ देत नाही. लक्षात ठेवायला सोपे म्हणजे, पाना वर धरून पुढच्या चाकाच्या दिशेने फिरवला की दोन्ही पायडल आवळले जातात. जोर लावून चुकीच्या बाजूला फिरवले, तर क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांड्यावर बसते त्याचे, आटे जातात आणि नव्या सायकलचा क्रँकच बदलावा लागतो. आसावर एल आणि आर अशी अक्षरे असतात. ती वाचल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.

जोडणीनंतर काय तपासायचे, हेही आजच उरकले. चिमट्याचा, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कचा, बाक पुढच्या बाजूला आहे ना, हँडलच्या आणि सीटच्या दांड्यावरील खूण आत गेलेली आहे ना (ती बाहेर दिसत असेल, तर दांडा पुरेसा आत नाही), दोन्ही ब्रेकचे रबर रिमवरच टेकते ना, टायरला लागत नाही ना, आणि चाक फिरवल्यावर आउट जाणवतो का. आउट काढणे, म्हणजे स्पोक कमी-जास्त ताणून चाक सरळ करणे, हे महिनोन्महिने हात बसल्यावर येणारे कौशल्य आहे. ते या पंधरवड्यात शिकवायला मी हात घातला नाही. चाकाला आउट आहे, एवढे ओळखता आले तरी आज पुरेसे आहे.

१२ एप्रिल, रविवार

मापे. या विषयावर मी ठरवले होते त्याहून जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता, कारण सायकल विकताना सर्वांत मोठी गफलत मापातच होते.

मुलांच्या सायकलींची मापे चाकाच्या इंचांवर सांगतात: १२, १४, १६, २०, २४. साधारणपणे चार ते सहा वर्षांच्या मुलाला १६, सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला २० आणि त्यापुढे बाराव्या वर्षापर्यंत २४ इंच लागते; पण वयापेक्षा पायाची लांबी पाहणे अधिक योग्य आहे. नव्याने शिकणाऱ्या मुलाचे दोन्ही पाय सीटवर बसून जमिनीला टेकले पाहिजेत आणि दांडीवरून उभे राहिल्यावर दांडी अंगाला लागता कामा नये. आपल्याकडचे पालक मात्र ‘मूल वाढते आहे, पुढेही वापरता येईल’ म्हणून एक माप मोठी सायकल घेतात. मोठ्या सायकलवर मुलाला ब्रेकच्या दांड्यापर्यंत बोटे नेता येत नाहीत, थांबताना तोल जातो, ते दोन-तीनदा पडते आणि सायकल जिन्याखाली जाते. पालकांची काटकसर खरी असते आणि तिचा मान ठेवूनच त्यांना हे सांगता आले पाहिजे.

त्यासाठी तिच्या आईने गिऱ्हाईक होऊन हट्टाने २४ इंची सायकल मागितली आणि शेजारचा सात वर्षांचा मुलगा खराखुरा उभा केला. भाचीने आधी वाद घातला. मग वाद सोडून तिने मुलाला वीस इंचीवर बसवले, ब्रेक दाबायला लावला, मग मोठ्या सायकलवर बसवून तेच करायला लावले आणि आईला म्हणाली, ‘काकू, त्याची बोटं बघा.’ त्यापुढे काही बोलण्याची गरज पडली नाही. वीस इंचीचीच सीट किती वर चढवता येईल आणि त्यामुळे ती किती वर्षे पुरेल, हेही तिने दाखवले.

मोठ्यांच्या सायकलींत इंचांवर विसंबता येत नाही, हे तिला टायरच्या कडेवरचे आकडे वाचून दाखवले. ३७-६२२ असे लिहिलेले असेल, तर टायरची रुंदी ३७ मिलिमीटर आणि तो रिमवर बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटर. २९ इंची म्हणून विकला जाणारा आणि ७०० सी म्हणून विकला जाणारा टायर या दोहोंचा हा व्यास एकच, ६२२ असतो, २७.५ इंचीचा ५८४, माउंटन प्रकारच्या २६ इंचीचा ५५९, तर आपल्या काळ्या सायकलच्या २८ इंची, दीड इंच रुंद टायरचा ६३५. म्हणजे नावाने लहान असलेला २८ प्रत्यक्षात २९ पेक्षा मोठ्या रिमवर बसतो. गिऱ्हाइकाने नुसते इंच सांगितले, तर जुना टायर पाहिल्याशिवाय नवा काढून द्यायचा नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

आंबेडकर जयंतीची सुटी असल्यामुळे दुपारी सावकाश बसून मुलाखतीची तालीम केली. मी मालक झालो.

‘सायकलच्याच दुकानात का?’ या प्रश्नावर तिने पहिल्यांदा ‘घराजवळ आहे म्हणून’ असे उत्तर दिले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. बेळगावात १८८८ साली सायकलचे दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे लोखंडी नांगरापर्यंत आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीपर्यंत कसे पोहोचले, हे मी तिला गप्पांच्या ओघात सांगितले होते आणि ते उत्तरात घालावे, अशी तिची इच्छा होती. मी नको म्हटले. ती गोष्ट मोठी आहे आणि मला स्वतःला फार प्रिय आहे, पण ती तिची नाही. ती चार वर्षे सायकलने शाळेत गेली, वाटेत बंद पडलेल्या मैत्रिणींच्या सायकली तिने सुरू करून दिल्या आणि चेन पडली की सगळ्या तिलाच हाक मारतात. हे तिचे खरे उत्तर आहे आणि ते तिने सांगितले तेव्हा ‘म्हणजे’, ‘तसं’ हे अडखळणारे शब्द आपोआप गळले.

मालकांना काय म्हणावे, यावर बोलणे झाले. दुकान जुने आहे आणि सगळे त्यांना काका म्हणतात, तेव्हा ‘सर’ म्हणणे तिथे परके वाटेल. ‘काका’ आणि ‘मिस्त्रीकाका’ असेच म्हणावे आणि अर्थातच ‘तुम्ही’.

‘हायड्रॉलिक डिस्क ब्रेक येतो का? सस्पेन्शन?’ यावरचे उत्तर आम्ही ठरवले नव्हते, तिने ते स्वतःच दिले: ‘नाही येत. मिस्त्रीकाका करत असताना बघू दिलंत तर शिकीन.’ ‘भाव कमी करा म्हटलं तर?’ यावर ‘मी कमी करणार नाही, तुम्हाला विचारीन’ हे उत्तर मला योग्य वाटले. गेल्या सप्टेंबरच्या २२ तारखेपासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. जुन्या बिलाशी तुलना करणारे गिऱ्हाईक त्याबद्दल विचारू शकते, तेव्हा हा आकडा तिला माहीत असावा.

पैशांबद्दल विचारायला ती तयार नव्हती. शिकायला मिळते आहे, तर पैसे काय मागायचे, असे तिला वाटते. या बाबतीत मी ठाम राहिलो. कामाला मोबदला असतो आणि तो किती, दिवसावर की महिन्यावर, केव्हा मिळणार, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. ‘काका, पगाराचं कसं असेल?’ एवढा साधा प्रश्न तिने डोळ्यांत बघून विचारायचा. तो तिने माझ्यासमोर पुन्हा पुन्हा म्हटला, कारण संपूर्ण मुलाखतीत तिला अवघड जाणारे वाक्य हेच आहे.

१५ एप्रिल, बुधवार

एका पानाचा अर्ज तिने मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिला: नाव, जन्मतारीख, शाळा, येणारी कामे, न येणारी कामे, यायला जमणारे तास आणि अकरावी सुरू झाल्यावर काम थांबवावे लागेल ही स्पष्ट नोंद. ‘न येणारी कामे’ हा रकाना तिच्या वडिलांना खटकला. मी तो ठेवायला लावला. कपड्यांत पूर्ण झाकलेले बूट, अंगाबरोबरचा कुडता आणि जीन्स ठरले. ओढणी नको, ती चेनमध्ये अडकते. केस बांधलेले.

१६ एप्रिल, गुरुवार

ती एकटीच गेली. परत आल्यावर तिने सांगितले ते येथे लिहितो.

मालकांनी अर्ज वाचला, ‘न येणारी कामे’ पाशी थांबले आणि काही न बोलता कागद मिस्त्रींकडे दिला. ठरवलेल्या प्रश्नांपैकी फारच थोडे विचारले गेले. त्यांनी शेडमधली एक काळी सायकल दाखवली आणि पायडल मारताना खटखट आवाज येतो, बघ, असे म्हणाले. तिने मागचे चाक उचलून स्टँडवर घेतले आणि हाताने पायडल फिरवले; मोकळे फिरवताना आवाज आला नाही. मग तिने चेन पाहिली, पायडल हलवून पाहिले आणि शेवटी एक क्रँक घट्ट धरून दुसरा हलवला. डावा क्रँक आसावर किंचित हलत होता. कॉटर पिन, म्हणजे क्रँक आसावर घट्ट धरणारी खीळ, सैल झाली असावी किंवा झिजली असावी, असे तिने सांगितले आणि मी कॉटर पिन आजवर कधी काढलेली नाही, हेही लगेच जोडले. मिस्त्रींनी क्रँकखाली लोखंडी नळीचा आधार दिला आणि हातोडीने पिन बाहेर काढून दाखवली. आधार न देता ठोकले, तर घाव आतल्या छर्र्यांवर बसतो, हे त्यांनी तिला सांगितले. पिन एका बाजूने झिजलेली होती.

तासांची गोष्ट तिने स्वतः काढली. सातनंतर थांबता येणार नाही हे ऐकून मालक जरा नाराज झाले, कारण त्यांना संध्याकाळचा माणूस हवा होता. तिने वही उघडून एरवी चार ते सात आणि शनिवार-रविवारी फक्त सकाळी दहा ते एक, मंगळवारी सुटी, अशी आखणी दाखवली आणि मुलांना सायकलवर बसवून पाहण्याबद्दलचे वाक्यही सांगितले. त्यावर ते म्हणाले, रविवारी अक्षय्य तृतीया आहे, मुहूर्तावर सायकल घेणारे येतात, सकाळी दहाला ये, बघू.

पगाराचा प्रश्न तिने दारातून परत वळून विचारला. दिवसाप्रमाणे देऊ, आकडा रविवारी आईला किंवा वडिलांना घेऊन ये तेव्हा समोर बसून ठरवू, असे उत्तर मिळाले. आईवडील नसताना तिच्याशी आकडा ठरवला नाही, याबद्दल मला या दुकानदाराविषयी आदर वाटला.

१८ एप्रिल, शनिवार

उद्यासाठी जन्मदाखल्याची आणि आधार कार्डाची प्रत, दोघांच्या सह्यांचे संमतिपत्र आणि पाण्याची बाटली पिशवीत ठेवली आहे. वेल्डिंग आणि पेट्रोलविषयी वडील बोलणार आहेत. तासांची नोंद दुकानाच्या वहीत व्हावी, हेही तेच सांगतील. पगाराबाबत आमच्या बाजूने कमीत कमी किती, हे घरात आज रात्री ठरले.

तिने माझ्याकडे जुना कॉटर पिनचा क्रँक मागितला होता. भोसरीच्या भंगार बाजारात एक आसासकट मिळाला. जेवण झाल्यापासून ती खाली पार्किंगमध्ये, क्रँकला नळीचा आधार देऊन, पिन काढते आहे आणि परत बसवते आहे.